सातव्या प्रश्नाचे उत्तर

मी त्यांना अकरा वर्षे नापास केले. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे त्यांच्याविषयी जे चांगले लिहीन ते कोणत्या तोंडाने लिहितो आहे, हे वाचणाऱ्याला ठाऊक असेल.

आमची मंडळी उधन्याला भरते. सुरतेत मराठी ख्रिस्ती माणसे असतात, हे पुण्या-नगरकडच्या नातलगांना अजूनही सांगावे लागते. असतात. काही आमच्यासारखी नगर-जालन्याकडची, बरीचशी नंदुरबार-नवापूरकडची. बहुतेक सगळी मागावर नाहीतर बांधकामावर राबणारी. आम्हाला मनोरा नाही, घंटा नाही. साड्यांना घड्या घालून पेट्या भरण्याच्या एका कारखान्यावर, दुसऱ्या मजल्यावर, एक लांबट खोली आहे. रविवारी सकाळी आम्ही तेथे उपासना करतो. अकराला गुजराती मंडळी येते, म्हणून पावणेअकराला दाराबाहेर आपापल्या चपला शोधू लागतो. या खोलीची मला कधी लाज वाटली नाही. त्यांच्यासारखा माणूस तिच्या शेवटच्या बाकावर बसत असे, हे उमगल्यापासून तर मी तिच्याविषयी ताठ मानेने बोलतो.

मी त्या मंडळीचा पंच. दृढीकरणाचा वर्गही माझ्याकडे. ज्याचा बाप्तिस्मा लहानपणी झाला त्याने मोठेपणी आपला विश्वास आपल्या तोंडाने सांगावा आणि मगच त्याला प्रभुभोजनात भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस मिळावा, अशी रीत आहे. आमच्याकडे त्यासाठी चाळीस प्रश्नांची छापील पुस्तिका आहे. ईस्टरच्या आधीच्या शनिवारी मी परीक्षा घेतो. उत्तर पुस्तिकेत असेल तसेच यावे लागते. माझ्या आजोबांनी वडिलांना असेच तपासले, वडिलांनी मला. त्यात सूट मिळाल्याचे मला आठवत नाही.

सातवा प्रश्न असा: देव कोठे आहे? उत्तर: देव सर्वत्र आहे.

बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या बाकावर, गुडघे कसेबसे आवरून, दर वर्षी एक पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ बसत. पहिल्या सहा प्रश्नांची उत्तरे ते अडखळत का होईना, नेमकी देत. सातव्याला थांबत. मान किंचित खाली घालत, शेजारच्या खोलीतली चाहूल घ्यावी तशी. मग तळवा छातीवर ठेवून सांगत, "आठेच शे, मास्तर."

त्यांच्या अहिराणीत, इथेच आहे.

"सर्वत्र," मी म्हणे.

"सर्वत्र माले माहीत नही. मी तठे गयेल नही. आठे शे, हाई माले माहीत शे."

एका वर्षी शेजारी बसलेली मुलगी कळवळून म्हणाली, "काका, नुसतं सर्वत्र म्हणून टाका ना! मला तरी कुठं माहितीये?"

बाक खो खो हसला. मी त्या मुलीला पास केले. त्यांना नाही.

आम्ही एकाच कारखान्यात होतो. मी विणकामाचा मास्तर. ते बीम जोडणारे. मागावरचा जुना बीम, म्हणजे उभ्या तारा गुंडाळलेला रूळ, संपत आला की नवा चढवतात, आणि जुन्याच्या प्रत्येक तारेला नव्याची तार जोडावी लागते. अशा काही हजार तारा. हे काम करणारा मागाच्या पाठीमागे बुटक्या पाटावर बसतो, बोटांना चिमूटभर राख लावतो, दोन टोके एकत्र धरून पीळ देतो आणि पुढची तार घेतो. नजर फारशी लागत नाही. बोटे लागतात. त्यांनी जोडलेल्या बीमची तार माग सुरू झाल्यावर सुटली, असे माझ्या काळात झाले नाही. मी हे त्यांना कधी सांगितले नाही. चांगल्या कामाबद्दल माणसाला पगार मिळतो, असे माझे तेव्हा मत होते.

बसण्यापूर्वी ते क्षणभर डोळे मिटत. काही विचारले तरी आधी थांबत. "बीम किती वाजेपर्यंत होईल?" या प्रश्नालाही त्यांचे उत्तर ठरलेले: "थांबा, मझार इचारी लेस." मझार म्हणजे आत. मग बेताने सांगत, "चार." आणि चारला होई. मागावरच्या पोरांना ही करमणूक होती. एक ओडिया कारागीर त्यांना रोज छेडी, "क्या काका, ऊपरवाले से बात हो गई?"

"ऊपर पंखा है," ते म्हणत. "मैं अंदर बोला."

त्यांच्या घरी क्रूस नव्हता, तसबीर नव्हती, दारावर वचनाची पाटी नव्हती. पंच म्हणून मी त्यांना एकदा याचा जाब विचारला. ते म्हणाले, भिंत भाड्याची आहे, घरमालक खिळा ठोकू देत नाही. हे उत्तर खरे होते, आणि तरी मला ते उर्मट वाटले. उपासनेत एकदा मी त्यांना उभे करून मोठ्याने प्रार्थना करायला सांगितले. ते उठले. बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, "हाव. आमेन." आणि बसले.

बाहेर आल्यावर मी त्यांना धरले. "प्रार्थना करायला सांगितले होते. होकार द्यायला नव्हे."

"त्यानीच काही सांगं, मास्तर. मी हाव म्हन्तं."

"आणि तुझे मागणे? तुझी विनंती?"

"घरना घरमा चिठ्ठी काबर टाकानी?"

घरातल्या घरात कोणी पत्र टाकीत नाही, हे खरेच आहे. मी त्या दिवशी मात्र त्यांना पाच मिनिटे प्रार्थनेच्या क्रमाविषयी सुनावले. मी त्यांना अरे-तुरे करीत असे. लिहिताना माझी लेखणी ते करायला तयार नाही.

त्यांची एक सवय मात्र साऱ्या उधन्याला ठाऊक होती, आणि साऱ्या उधन्याने तिचा अर्थ चुकीचा लावला होता. ते भांडायच्या आधी चपला काढीत.

मी हे प्रथम पाहिले ते रस्त्यावर. डिंडोलीकडून येणाऱ्या एका शेअर रिक्षाच्या चालकाने जास्तीची माणसे कोंबण्यासाठी एका म्हातारीला वाटेतच उतरायला सांगितले. आमचे गृहस्थ आत होते. तेही उतरले, चालकापुढे गेले आणि पायातल्या चपलेकडे वाकले. आपल्याकडे भांडणात माणूस चपलेकडे वाकला तर पुढे काय होते, ते सर्वांना ठाऊक आहे. चालक आसनावरून उडी मारून रिक्षाच्या पलीकडे गेला.

"ए काका! चप्पल नीचे रखो! पहले नीचे रखो!"

"नीचे ही रखता हूं," ते म्हणाले. दोन्ही चपला त्यांनी जोडीने रस्त्याच्या कडेला ठेवल्या आणि एप्रिलच्या दुपारी तापल्या डांबरावर अनवाणी उभे राहिले. "हां. अब बोलता हूं. उस माई को बिठाव."

चालक त्यांच्या पायांकडे पाहू लागला. पाय भाजत होते हे दिसत होते. म्हातारीला पुढे, स्वतःच्या शेजारी बसवून तो मुकाट निघून गेला. हे मागे राहिले. चालत उधन्याला आले.

मी कारण विचारले. त्यांनी नेहमीप्रमाणे थांबून सांगितले, "मझार कोणी बसेल शे, मास्तर. चप्पल घालीसन भांडू कसा?"

आमच्या प्रार्थनेच्या खोलीत कोणी पायताण घालून शिरत नाही. तोच नियम त्यांनी स्वतःला लावला होता.

"मग दिवसभर अनवाणीच फीर," मी म्हणालो.

"दिवसभर ध्यानमा ऱ्हास. रागमाच इसरी जास."

रागातच विसरायला होते. मी पुस्तिकेतले चाळीसही प्रश्न उलटून पाहिले. त्यांत रागाविषयी एकही नव्हता.

आता त्यांच्या पत्नीविषयी. पत्नीचे दृढीकरण लग्नाआधी, गावच्या मंडळीत झाले होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते. त्या पुढे जात, डोक्यावर पदर घेऊन गुडघे टेकत, भाकरी आणि रस घेत, आणि परत येऊन शेवटच्या बाकावर नवऱ्याशेजारी बसत. नवरा सरकून जागा देई. इतकेच. अशी वर्षे गेली. इतर जोडपी बरोबर उठत, हे मला दिसत होते. नियमापुढे दिसण्याला महत्त्व नसते.

दहाव्या परीक्षेआधी त्या माझ्या घरी आल्या. किडनीचे दुखणे तेव्हा सुरू झाले होते. पायांवर सूज होती. बसल्या नाहीत.

"मास्तरभाऊ, यंदा त्यास्ले पास करी द्या. मना संगे एकदाव पंगतले बसू द्या."

"एक शब्द म्हणायचा आहे त्याला. घरी पाठ करून घ्या."

"करी लिधा. म्हन्तस बी. पन तुमना समोर म्हनत नहीत."

"का?"

"म्हन्तस, परीक्षामा खोटं कसं बोलू?"

मी म्हणालो, नियम सर्वांना सारखा. त्या "सलाम, भाऊ," म्हणाल्या आणि गेल्या. त्या वर्षीही मी त्यांच्या नवऱ्याला नापास केले. पुढच्याही वर्षी केले. त्या अकराव्या वेळेनंतर त्यांच्या पत्नीला आमचा जिना चढवेना.

मला निवृत्त व्हायला थोडे महिने उरले होते. चौदा नंबरच्या मागावर नवा बीम चढवायचा होता. प्रत्येक बीमला सुताची चिठ्ठी लावलेली असते; मास्तरने ती वाचून बीम दाखवायचा असतो. मी ती वाचली नाही. रांगेतला पुढचा बीम दाखवला. तो चढला. ते पाटावर बसले. दहा-बारा तारा जोडल्या असतील, तोच उठून माझ्याकडे आले.

"सूतना पीळ येगळा शे, मास्तर."

"तुझ्या बोटांना राख जास्त झाली आहे. जोड."

"येगळाच शे. रंग चढना का कापडवर पट्टा दिसी."

"मास्तर कोण आहे येथे?"

ते मागे वळले, भिंतीपाशी गेले, चपला काढल्या आणि परत येऊन माझ्यासमोर उभे राहिले. मागाखालच्या त्या फरशीवर तेल असते, तुटलेल्या पत्र्याचे कपचे असतात.

"मास्तर तुम्हीच. पन मी नही जोडस."

त्या चपलांचा अर्थ तेथे फक्त मला ठाऊक होता. राग दोघांनाही आला होता. त्यांनी आपला कोठे ठेवला, ते मी पाहत होतो. मी जाऊन चिठ्ठी वाचली. पीळ वेगळा होता.

तेवढ्यात शेठ आले. मोठी मागणी होती, माग बंद होता, आणि चढवलेला बीम उतरवण्यात अर्धा दिवस जाणार होता.

"चौद नंबर केम बंध छे?"

"बीम बदलावा लागेल," मी म्हणालो.

"कोनी भूल?"

चूक कोणाची, हे विचारताना शेठ त्यांच्याकडे पाहत होते. बीमपाशी काही बिघडले की नाव बीम जोडणाऱ्याचे येते. ते सोपे असते. त्यांनी नुसते बोट दाखवले असते तरी पुरे होते. त्यांनी दाखवले नाही. आपली चूक म्हणून ते अंगावरही घेईनात. ते खोटे झाले असते. आणि मी गप्प होतो. तीस वर्षांत मी चूक कबूल केली नव्हती, कारण माझ्या मते ती झालीच नव्हती.

"बोलो ने!" शेठ ओरडले.

"रुको, शेठ," ते शांतपणे म्हणाले. "मास्तर अंदर पूछ रहे हैं."

मी काही विचारीत नव्हतो. पण ते वाक्य बोलले गेल्यावर मला दुसरी वाट राहिली नाही. चाळीस मागांच्या खडखडाटात, हातात ती चिठ्ठी, मी उभ्या आयुष्यात प्रथमच आत पाहिले. तेथे कोणी नसेल, अशी माझी खात्री होती. मी पंच होतो. देव सर्वत्र आहे हे मी शेकडो मुलांकडून वदवून घेतले होते. या एका ठिकाणी मी कधी डोकावलो नव्हतो.

जागा रिकामी नव्हती. याहून जास्त मला सांगता येत नाही, आणि सांगावेसेही वाटत नाही.

"मारी," मी म्हणालो. माझी.

"तमारी?" शेठ माझ्याकडे बघतच राहिले. मग कचेरीत गेले. बीम जोडणारे मात्र माझ्याकडे पाहतही नव्हते. बीम उतरवायला हात लावीत होते.

त्या वर्षीची परीक्षा नेहमीच्या शनिवारी झाली. माझ्याशेजारी आमचे तरुण पाळकसाहेब बसले होते. ते नवे होते. माझ्यापुढे सहसा बोलत नसत. बाकावरच्या त्या गृहस्थांची पाळी आली. सहा प्रश्न झाले. मी सातवा विचारला. ते थांबले, चाहूल घेतली, तळवा छातीवर ठेवला.

"आठेच शे, मास्तर."

मी पुस्तिकेत खूण केली. "बरोबर. आठवा प्रश्न."

बाकावर कुजबुज झाली. एक मुलगा उभा राहिला. "सर, पण पुस्तकात तर—"

"पुस्तकाचे मी पाहीन. तू तुझे पाठ कर. खाली बस."

मुलगा बसला. ते बसले नाहीत. माझ्याकडे निरखून पाहत होते, बोटांत तार धरून पाहावी तसे.

"मनी बाई आजारी शे, म्हनीसन पास करी राहिनात का, मास्तर? तसं नको."

सर्व खोली ऐकत होती. बारा वर्षे ज्यासाठी येत होते ते हाताशी आले होते, आणि ते परत करायला हा माणूस तयार होता. घरी पत्नी वाट पाहत होती. मला त्या क्षणी त्यांचा जितका अभिमान वाटला तितका माझ्या रक्ताच्या कोणाचा वाटला नाही.

"नाही," मी म्हणालो. "उत्तर बरोबर आहे, हे आता मला माहीत आहे म्हणून."

त्यांनी ते तपासले. पीळ बरोबर असावा. "मंग इचारा आठवा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ईस्टरच्या उपासनेत पाळकसाहेबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांचे दृढीकरण केले. प्रभुभोजनाच्या वेळी ते उठले नाहीत. पाळकसाहेबांना त्यांनी आधीच विचारून ठेवले होते की, बाईबरोबर घेतले तर चालेल का. चालेल, असे पाळकसाहेब म्हणाले; आजाऱ्याच्या घरी भोजन नेण्याची रीत आहेच. त्या सकाळी पुढे गुडघे टेकल्यावर भाकरीचे ताट माझ्यापुढे आले तेव्हा मी ते शेजाऱ्याकडे सरकवले. पंचाने घेतले की नाही, हे कोणी पाहत नाही. ज्याला मी अकरा वर्षे अडवले तो शेवटच्या बाकावर उपाशी बसला असताना माझा हात उचलला गेला नाही.

दुपारी चारला पाळकसाहेब आणि मी डिंडोलीला गेलो. एका खोलीचे घर. खाट खिडकीशी. पत्नी उशांना टेकून बसल्या होत्या, नवी सुती साडी, डोक्यावर पदर. आवाज बारीक झाला होता, तिखटपणा कमी झाला नव्हता.

"बारा वरीस लागनात तुमले एक बाकवरथून उठाले," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"मास्तर कडक शे," ते म्हणाले.

"मास्तर कडक शे का तुम्ही?"

पाळकसाहेब हसले. मीही हसलो असेन. त्या गृहस्थांना जाऊन आता चार वर्षे झाली. पत्नी त्याआधी, त्या ईस्टरनंतरच्याच पावसाळ्यात गेल्या. ती दुपार मात्र मला कोणत्याही क्रमाने आठवते, आणि पुरती आठवते.

पाळकसाहेबांनी शब्द म्हटले. पत्नीला गिळता येत नव्हते, म्हणून कणभर भाकरी रसात भिजवून दिली. मग नवऱ्याच्या तळहातावर तुकडा ठेवला. त्यांनी तो लगेच खाल्ला नाही. पत्नीकडे पाहिले. खाटेपाशी, तिच्या शेजारी गुडघे टेकले. अर्धा तुकडा तोंडात घातला. पत्नीने त्यांच्या खांद्यावर हात टेकवला आणि डोळे मिटले. खालून रिक्षांचे आवाज येत होते.

मग त्यांनी मान वळवून मला विचारले, "मास्तर, तुम्ही?"

"मी सकाळी—" मी म्हणालो, आणि थांबलो. ते वाक्य त्या खोलीत पुरे करता येत नव्हते.

ते काय समजायचे ते समजले. तळहातावर उरलेला अर्धा तुकडा त्यांनी माझ्यापुढे धरला. बोटांच्या रेषांत धुऊनही न गेलेली राख होती.

"तुम्ही बी ल्या."

प्रभुभोजन दीक्षित पाळकानेच द्यावे, इतर कोणी देऊ नये, हा नियम मी तीस वर्षे राखला होता. मी पाळकसाहेबांकडे पाहिले. पाळकसाहेब खिडकीतून खालच्या रस्त्याकडे पाहत होते.

मी हात पुढे केला.